पद्मिनीची सीट सरकत का नाही?

[दृश्य: गॅरेजमध्ये उभी प्रीमिअर पद्मिनी. चालकाच्या बाजूचं दार उघडं.]

रंग नवा, क्रोम नवा, सीटचं रेक्झिनही नवं. शिवण तर इतकी सरळ की कुशनवाल्याला शाबासकी द्यावी. फक्त सीट हलत नाही. खालचा खटका ओढून जोर लावला की ती बोटभर पुढे येते, तिरकी होते आणि अडकते. नेमकी मागच्या टोकाला जाम झाली आहे. मालक उंचीने बेताचे. क्लच पूर्ण दाबायचा तर त्यांना गादीवरून पुढे घसरावं लागतं. अशी गाडी प्रदर्शनात शोभेल, पण घाटात नेऊ नये.

ही गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स, तिचा लाल बहादूर शास्त्री मार्गावरचा कारखाना. १९६४ साली तिथून फिआट ११०० डिलाइट बाहेर पडली आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. इंजिन १०८९ सीसी, गिअर चार, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. मध्ये दांडा नाही, म्हणून या गाडीत पुढे सलग बाकासारखी सीट. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत कित्येक वर्षं आपण तशाच सीटवर दाटीवाटीने बसलो. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्या त्या बहुतेक हौशी लोकांच्या दारात.

[दृश्य: मिस्त्री गुडघ्यांवर, हातात बॅटरी.]

मिस्त्रींचा पहिला प्रश्न ऐकण्यासारखा आहे. "काका, गाडी कामाला टाकली त्याआधी सीट सरकत होती का?"

"सरकत होती की. खडखडायची, पण सरकायची."

अर्धं निदान इथेच झालं. पंचेचाळीस वर्षांच्या गंजाने जे केलं नाही, ते चार महिन्यांच्या डागडुजीने केलं. तेव्हा गंज शोधण्यात अर्थ नाही. या चार महिन्यांत गाडीत नवं काय आलं, ते शोधायचं. तेलाच्या फवाऱ्याची बाटली घेऊन रनरवर, म्हणजे सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांवर, मारत सुटणं हा सगळ्यांचा आवडता उपाय. दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसते आणि सीट आधीपेक्षा घट्ट होते.

सीटचे चार बोल्ट काढून बाक बाहेर घेतला, रनर सुटे केले. रचना साधी आहे: पत्र्याच्या दोन चॅनेल, एकात एक बसणाऱ्या. खालची जमिनीला, वरची सीटच्या सांगाड्याला, मध्ये रोलर. खालच्या पट्टीत ओळीने खाचा आणि खटक्याचा दात त्यातल्या एकीत पडतो.

[दृश्य: रनरचा जवळून शॉट. आतून-बाहेरून चकचकीत काळा.]

हे पाहा. सुंदर पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग. बाहेरून आणि आतूनही! पावडरचा थर साधारण साठ ते शंभर मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. कागदावर काहीच नाही. पण हिशोब करा: चॅनेलच्या दोन बाजू, आणि प्रत्येक बाजूला दोन पत्रे समोरासमोर. म्हणजे चार थर. ऐंशी मायक्रॉन धरले तरी मिलीमीटरचा जवळपास तिसरा हिस्सा जागा खाल्ली गेली. जिथे मुळात सरकण्यापुरतीच फट होती, तिथे. त्यात हे कोटिंग भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजतात. आत जुनं ग्रीस राहिलं असेल, तर त्याचं वाळून डांबर होतं.

मदतनीस मुलगा ग्राइंडर उचलतो. मिस्त्री तो काढून घेतात. "पत्रा खाशील त्याने. मग सीट सरकेल, पण आयुष्यभर खुळखुळेल." रंग काढायचं केमिकल, पातळ पट्टी, शेवटी पॉलिश पेपर. रंग फक्त घासणाऱ्या पृष्ठभागांवरून उतरवायचा, बाहेरचा राहू द्यायचा. मग रॉकेलने धुऊन, पुसून, पातळ हात लिथियम ग्रीसचा. बोटाने पुसल्यासारखा. थापायचं नाही.

आता परीक्षा. रनर उभा धरायचा आणि खटका मोकळा करायचा. वरची चॅनेल स्वतःच्या वजनाने खाली उतरली पाहिजे. उतरते. दुसरीही उतरते.

इथे बरेच जण थांबतात आणि सीट बसवून टाकतात. मिस्त्रींनी रनर रिकामेच जमिनीला कसले. आणि डाव्या बाजूचा पुन्हा जाम!

[दृश्य: गालिचा बाजूला. जमिनीचा पत्रा, वेल्डिंगचे डाग.]

कारण या गाडीच्या पायाखालचा पत्रा कुजला होता. तो कापून नवा तुकडा जोडला आहे. काम वाईट नाही, वरून पाहिलं तर उजवंच म्हणावं लागेल. पण सरळ पट्टी टेकवली की पुढचा डावा बोल्ट जिथे बसतो ती जागा अर्धा सूत खाली गेलेली दिसते. बोल्ट कसला की रनर त्या खड्ड्याकडे वाकतो, आणि वाकलेल्या चॅनेलमध्ये रोलर अडकतो. कितीही ग्रीस घाला, फरक पडणार नाही. तिथे योग्य जाडीचा वायसर टाकायचा, म्हणजे पाना फिरवताना पट्टी वाकत नाही. मला विचाराल तर या सगळ्या कामात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे हा वायसर, आणि तो कुठल्याही फोटोत दिसणार नाही.

मग समांतरपणा. बोल्टची भोकं थोडी मोठी असतात, म्हणून रनर दोन-तीन मिलीमीटर इकडे-तिकडे होतात. दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे, आणि पुढचं-मागचं अंतरही सारखं, तर रनर सरळ. सलग बाकाला हे फार महत्त्वाचं. एकाच बाजूने ढकललेला रुंद खण जसा तिरका होऊन अडकतो, तसा बाकही अडकतो.

बाक चढवल्यावर चालकाच्या बाजूचे बोल्ट घट्ट केले, दुसऱ्या बाजूचे हातानेच. सीट पूर्ण पुढे नेली, पूर्ण मागे आणली. त्यात सैल रनर आपली जागा आपण शोधतो. मग सीट पुढे असताना मागचा बोल्ट, मागे असताना पुढचा, असं थोडं थोडं करत पाना चालवला.

[दृश्य: सीटखालून जाणारी तार.]

राहिली तार. खटका चालकाच्या हाताशी, पण दात दोन्ही रनरना आहेत. डावा दात या तारेने उचलला जातो. तार सैल असेल तर उजवा सुटतो, डावा धरून ठेवतो आणि बाक फिरतो. फार ताणली, तर उलट आणि जास्त धोक्याचं: डावा दात खाचेत पूर्ण पडतच नाही. सीट एकाच दातावर उभी राहते आणि जोरात ब्रेक दाबला की पुढे झेपावते. म्हणून मिस्त्री प्रत्येक खाचेला थांबतात. खटका सोडायचा, दोन्ही बाजूंचा आवाज ऐकायचा, मग बाक दोन्ही हातांनी गदागदा हलवायचा.

गालिचाचं काम किरकोळ निघालं. नवा गालिचा जाड, रनरच्या पुढे त्याची घडी पडत होती. तेवढा कापून कडा शिवून घेतली.

काका बसले. खटका ओढला, सीट चार खाचा पुढे. क्लच तळापर्यंत.

"काका, महिन्याभराने गाडी आणा," मिस्त्री पाने पुसता पुसता सांगतात. "गालिचा दबला की हे बोल्ट सैल होतात. परत कसून देतो. पैसे नाही घेणार त्याचे."