खर्र... स्विंग बदलताना

हा आवाज ऐका. खर्र. बेसबॉलच्या बॅटचं टोक जाळीला घासलं. परत एकदा, खर्र.

बारा वर्षांचा पोरगा जाळीकडे तोंड करून उभा आहे, बॅटची मूठ पोटाला आणि टोक जाळीला टेकेल एवढंच अंतर, आणि त्याला एवढंच सांगितलंय की जाळीला न लावता स्विंग कर, म्हणजे बॅट फिरव. जमत नाहीये. त्याचे हात सुरुवातीलाच अंगापासून लांब जातात, गळ टाकल्यासारखे, म्हणूनच कोच लोक याला कास्टिंग म्हणतात. मग बॅट लांबून फिरून येते आणि फास्ट बॉलला उशीर होतो.

पण गोम अशी आहे की गेल्या सीझनला याच स्विंगने तो टीममधे सगळ्यात लांब मारायचा. तेव्हा समोरचे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, हळू टाकायचे, वेळ मिळायचा, चालून जायचं. मग आता तो कशाला बदलेल? पोरगा हट्टी नाहीये हो, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बॉल लांब गेलेला बघितलाय. हे लक्षात न घेता नुसतं ओरडणारे कोच बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

लिटल लीगमधे, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमधे, पिचर ४६ फुटांवर असतो, पुढे ते अंतर ६० फूट ६ इंच होतं आणि बॉलचा वेगही वाढतो. मेजर लीगमधे, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमधे, ताशी ९५ मैलांचा बॉल साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरपाशी, त्यातले ०.१५ सेकंद तर स्विंगमधेच जातात, उरलेल्या वेळात बॉल ओळखायचा, मारायचा का सोडायचा ते ठरवायचं, आणि त्यात कोपर आत, खांदा बंद, डोकं स्थिर, हे सगळं कुणाला आठवणार? म्हणून चांगला कोच अंगाबद्दल कमी बोलतो. जाळी लावतो, टी, म्हणजे बॉल ठेवायचा स्टँड, पुढेमागे सरकवतो, फार तर म्हणतो, पिचरच्या डोक्यावरून लाइन ड्राइव्ह, म्हणजे सरळ सपाट फटका, मार.

अमेरिकन बेसबॉलपटू जे. डी. मार्टिनेझचं बघा. २०१३ ला ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजकडून फक्त ७ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेले फटके. चांगल्या हिटर्सचे व्हिडिओ बघून त्याचं त्यालाच पटलं की बॉल वरून खाली येतोय आणि आपण बॅटही वरून खालीच आणतोय, दोघांची गाठ पडणार कुठे. ऑफ सीझनला स्विंग नव्याने बांधला. तरी मार्च २०१४ मधे टीमने सोडून दिलं. डेट्रॉइट टायगर्सने घेतलं, आणि त्याच वर्षी २३ होमरन, अ‍ॅव्हरेज .३१५, म्हणजे दर दहा प्रयत्नांत तीनहून जास्त यशस्वी फटके.

आपल्या पोराचं एवढ्यात काही होत नाही. शनिवारच्या मॅचमधे प्रेशर आलं आणि जुना स्विंग परत आला, दोनदा स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल मारता न येताच आउट. कोच त्यावर एक शब्द बोलला नाही.

सोमवारी पोरगा सगळ्यांच्या आधी येऊन जाळीसमोर उभा. खर्र. खर्र. मग एक स्विंग, नुसता हवेचा आवाज. तो थांबतो, जाळीकडे बघतो, परत मारतो. परत हवाच.

"कोच, आता बॉल टाका ना."