बंदुकीमागचा मतदार

सभ्य श्रोतेहो,

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडच्या वृत्तपत्रांत दोन-तीन दिवस बातम्या येतात, मग अग्रलेख येतो, आणि त्या अग्रलेखात बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांनी तिथले राजकारणी विकत घेतले आहेत, असे एक वाक्य हमखास असते. हे वाक्य अगदीच खोटे नाही. पण ते मान्य केले की पुढे काही समजून घ्यायचे उरत नाही, म्हणून मला ते घातक वाटते. तिथल्या बंदूक-समर्थक लॉबीचे बळ थैलीत कमी आणि मतदारयादीत अधिक आहे, आणि त्याहूनही अधिक ते कायद्याच्या काही रुक्ष कलमांत आहे, असे माझे म्हणणे आहे.

एका मतदानापासून सुरुवात करू. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी, सँडी हूक प्राथमिक शाळेत, वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. बंदूक-उद्योगाची व्यापारी संघटना असलेल्या नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशनचे मुख्यालय त्या वेळी याच गावात होते. चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, सिनेटपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहापुढे, एक सौम्य प्रस्ताव आला. बंदुकांच्या जत्रांत आणि इंटरनेटवर होणाऱ्या विक्रीलाही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याची अट लागू करावी, एवढीच त्यात मागणी होती. प्रस्ताव मांडणारे दोघे, डेमोक्रॅट जो मॅन्चिन आणि रिपब्लिकन पॅट टूमी, यांना नॅशनल रायफल असोसिएशनने, म्हणजे एनआरएने, पूर्वी ‘ए’ श्रेणी दिलेली होती. जनमत चाचण्यांत दहापैकी जवळपास नऊ अमेरिकनांनी अशा तपासणीला पाठिंबा दर्शवला होता. प्रस्तावाला ५४ मते मिळाली, विरोधात ४६ पडली, आणि तो फेटाळला गेला, कारण सिनेटच्या प्रथेप्रमाणे ६० मते लागत होती.

पैशाने या ४६ मतांचा उलगडा होतो का? अमेरिकी कायद्याप्रमाणे कोणत्याही संघटनेच्या राजकीय निधी समितीला एका उमेदवाराला एका निवडणुकीत फार तर ५,००० डॉलर थेट देता येतात, आणि सिनेटच्या एकेका लढतीचा खर्च कोट्यवधी डॉलरच्या घरात असतो. स्वतंत्र प्रचारावर मात्र मर्यादा नाही, आणि २०१६ साली एनआरएने डोनाल्ड ट्रम्प यांच्यासाठी तीन कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, हे खरे आहे. तरीही औषध कंपन्या वॉशिंग्टनमध्ये जो पैसा ओततात त्याच्यापुढे ही रक्कम किरकोळ ठरते. तेव्हा उत्तर दुसरीकडे शोधायला हवे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एनआरएची स्थापना १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेल्या अधिकाऱ्यांना आपल्या शिपायांची नेमबाजी फार वाईट असल्याचे आढळले होते. ती सुधारावी, हा संस्थेचा हेतू होता. पुढची शंभर वर्षे ती मुख्यतः नेमबाजांची आणि शिकाऱ्यांची संघटना राहिली. १९३४ साली मशीनगनवर २०० डॉलरचा कर आणि नोंदणीची सक्ती आणणारा कायदा होत होता, तेव्हा संघटनेच्या अध्यक्षांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे साक्ष देताना, सरसकट बंदुका घेऊन फिरणे आपल्याला मान्य नाही, त्याला परवान्याचे बंधन असावे, असे सांगितले होते. १९६७ साली कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण उघडपणे बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. त्या वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि एनआरएने त्याला विरोध तर केला नाहीच, उलट पाठिंबा दिला. बंदूक कोणाच्या हाती आहे यावर अधिकाराची व्याख्या किती अवलंबून असते, हे इथे स्वच्छ दिसते.

संघटना पालटली ती एका रात्रीत, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ साली टपालाने बंदुका विकण्यावर बंदी आली. सभासदांतला एक कडवा गट त्यामुळे अस्वस्थ होता, तर संघटनेचे नेते मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोला हलवून शिकार आणि निसर्गसंवर्धनाकडे वळण्याचा बेत करत होते. मे १९७७ मध्ये सिनसिनाटी येथे वार्षिक सभा भरली. कडव्या गटाचे पुढारी हार्लन कार्टर आणि नील नॉक्स यांच्या अनुयायांनी नारिंगी टोप्या घालून, हातात वॉकी-टॉकी घेऊन सभेची नियमावली कोळून प्यायल्यासारखी वापरली. ठरावामागून ठराव आणत त्यांनी पहाटेपर्यंत जुन्या नेतृत्वाची उचलबांगडी केली. मुख्यालय हलले नाही. तिथून पुढे संघटनेचा धर्म एकच राहिला: १७९१ सालची दुसरी घटनादुरुस्ती, आणि तिचाही शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क सांगणारा उत्तरार्ध. पूर्वार्धात ‘सुव्यवस्थित नागरी सैन्या’चा उल्लेख आहे, तो प्रचारातून गळला. तीन वर्षांनी एनआरएने आपल्या इतिहासात प्रथमच राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला, आणि तो उमेदवार होता तेरा वर्षांपूर्वी त्या कायद्यावर सही करणारा रेगन.

ओघात आले म्हणून सांगतो, या प्रचारात आपले गांधीजीही भेटतात. १९१८ साली सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी ब्रिटिशांचा शस्त्रबंदीचा कायदा हे त्या राजवटीचे सर्वांत काळे कृत्य ठरवले होते. ते वाक्य अमेरिकेतले बंदूक-समर्थक मोठ्या आवडीने उद्धृत करतात. ते इंग्रजांच्या फौजेत भरती व्हा, असे आवाहन करताना लिहिले होते, हा संदर्भ अर्थातच त्यासोबत येत नाही.

आता मतदारयादीकडे येऊ. एनआरए प्रत्येक उमेदवाराला प्रश्नावली पाठवते, त्याची मते तपासते आणि ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी देते. ही श्रेणी निवडणुकीच्या आधी सभासदांच्या घरी येणाऱ्या मासिकात छापली जाते. संघटनेने आपली सभासदसंख्या पन्नास लाखांच्या आसपास सांगितली आहे. तो आकडा थोडा फुगवलेला धरला तरी मुद्दा संख्येचा नाही, आस्थेच्या तीव्रतेचा आहे. पार्श्वभूमी तपासणी हवी असे म्हणणारा नागरिक मत देताना कर, आरोग्यविमा, शाळा अशा दहा गोष्टींचा विचार करतो. बंदूक हा आपल्या ओळखीचा भाग मानणारा मतदार एकाच गोष्टीचा विचार करतो, न चुकता मतदानाला जातो आणि आपल्या प्रतिनिधीला फोनही करतो. पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत मतदान मुळातच कमी असते, त्यामुळे तिथे असे काही हजार लोक पारडे फिरवू शकतात. त्यात सिनेटची रचना अशी, की सहा लाखांच्या आसपास वस्तीच्या वायोमिंगलाही दोन सदस्य आणि चार कोटींच्या जवळ पोहोचलेल्या कॅलिफोर्नियालाही दोनच. २०१३ च्या त्या मतदानात विरोधात गेलेल्या डेमोक्रॅटांपैकी चौघे मॉन्टाना, अलास्का, नॉर्थ डकोटा आणि आर्कान्सा या ग्रामीण वळणाच्या राज्यांचे होते, यात नवल काही नव्हते.

भीतीला एकदा उदाहरण मिळाले की ती स्वतःच्या पायांवर चालू लागते, आणि ते उदाहरण १९९४ साली मिळाले. बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत लष्करी धर्तीच्या काही अर्धस्वयंचलित बंदुकांवर दहा वर्षांची बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधीगृहातील बहुमत गमावले. खुद्द सभापती टॉम फोली आपल्या मतदारसंघात पडले. या पराभवाची कारणे अनेक होती, तरी क्लिंटन यांनी स्वतः त्याचे मोठे श्रेय एनआरएला दिले. प्रतिस्पर्ध्याच्या सामर्थ्याची एवढी फुकट जाहिरात क्वचितच कोणी केली असेल. पुढे कितीतरी वर्षे डेमोक्रॅट उमेदवार या विषयावर तोंड उघडायला धजत नव्हते. २००४ साली त्या बंदीची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही.

आणि आता ज्या भागाकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो भाग. मोठमोठ्या विधेयकांवरच्या लढाया वाहिन्यांवर दिसतात. पण लॉबीची खरी कारागिरी अर्थसंकल्पी विधेयकांत घातलेल्या छोट्या कलमांत आहे. १९८६ च्या कायद्याने बंदूकधारकांची केंद्रीय नोंदवही तयार करण्यास मनाई केली. तिचा परिणाम पाहायचा तर वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथे जावे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा मालक शोधण्याचे राष्ट्रीय केंद्र तिथे आहे. पोलिसांनी बंदुकीचा क्रमांक कळवला की कर्मचारी आधी उत्पादकाला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकान बंद पडलेले असेल तर त्याची कागदपत्रे खोक्यांत भरून या केंद्रात आलेली असतात. त्या कागदांची छायाचित्रे संगणकात आहेत, पण नाव टाकून शोध घेता येईल अशी सोय करण्याला कायद्याने बंदी असल्यामुळे माणसे एकेक पान नजरेखालून घालत बसतात. दुकानात बंदूक घेताना जी पार्श्वभूमी तपासणी होते, तिची मंजुरीची नोंद चोवीस तासांत नष्ट करावी, असाही नियम आहे.

संशोधनाचेही तेच झाले. १९९६ साली आर्कान्साचे प्रतिनिधी जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी एक दुरुस्ती आली: सरकारी रोगनियंत्रण केंद्राने आपला निधी बंदूक-नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरू नये. वाचायला निरुपद्रवी, पण सोबत केंद्राच्या अंदाजपत्रकातून नेमके २६ लाख डॉलर वळते करण्यात आले, आणि बंदुकांमुळे होणाऱ्या इजांच्या अभ्यासावर आदल्या वर्षी तेवढाच खर्च झाला होता. इशारा सगळ्यांना समजला. संशोधन बेकायदा ठरले नाही, ते करण्याची छाती कोणाची झाली नाही. डिकी यांना पुढे स्वतःलाच याचा पश्चात्ताप झाला आणि २०१२ साली त्यांनी अशा संशोधनाला निधी द्यावा, असे जाहीरपणे लिहिले. काँग्रेसने तो पुन्हा दिला तेव्हा २०१९ साल संपत आले होते. २००५ साली आणखी एक कायदा झाला, ज्याने बंदुकीच्या गैरवापराबद्दल उत्पादक व विक्रेत्यांवर होणाऱ्या बहुतेक दिवाणी दाव्यांपासून त्यांना संरक्षण मिळाले. तंबाखू कंपन्यांना न्यायालयात जे भोगावे लागले, ते बंदूक कंपन्यांच्या वाट्याला फारसे आले नाही.

गेल्या काही वर्षांत एनआरएची अवस्था मात्र दयनीय झाली आहे. १९९१ पासून सूत्रे हाती असलेले वेन लापिएर संस्थेच्या पैशावर ऐषारामात राहिल्याचे आरोप झाले, न्यूयॉर्क राज्याने २०२० साली खटला भरला, संघटनेने २०२१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि न्यायालयाने तो फेटाळला. जानेवारी २०२४ मध्ये लापिएर यांनी राजीनामा जाहीर केला, आणि पुढच्याच महिन्यात ज्यूरीने त्यांना जबाबदार धरून चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम संस्थेला परत करण्यास सांगितले. दरम्यान विरोधी बाजूही संघटित झाली होती. जून २०२२ मध्ये, टेक्सासच्या उवाल्डे येथील शाळेत एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर, एनआरएचा विरोध डावलून पंधरा रिपब्लिकन सिनेटरांनी एका मर्यादित सुधारणा कायद्याला मत दिले.

पण त्या कायद्यावर सही होण्याच्या दोनच दिवस आधी, २३ जून २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना परवाना-कायदा रद्द केला. बंदुकीवरील कोणतेही बंधन अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसते की नाही यावरच ते टिकेल, असा दंडक त्याने घालून दिला. लॉबीची सत्ता आता कोठे वसते, याचे उत्तर या दोन घटनांच्या जोडीत आहे, आणि त्यापुढचा एक निकाल तर मला फार बोलका वाटतो. २०१७ साली लास व्हेगास येथे एका माणसाने बंदुकांना ‘बंप स्टॉक’ नावाचे, गोळ्या अतिवेगाने एकामागून एक सुटू देणारे साधन जोडून संगीत महोत्सवातील गर्दीवर गोळ्यांचा वर्षाव केला. तेव्हा अशा साधनांवर अधिक नियमन असावे, असे खुद्द एनआरएने जाहीर केले होते, आणि ट्रम्प सरकारने त्यांवर बंदी आणली. टेक्सासमधील एका बंदूक-दुकानदाराने या बंदीला आव्हान दिले. १४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली, आणि त्या सहापैकी तीन न्यायाधीश ट्रम्प यांनीच नेमलेले होते.