हात जातो तिथे सिंबल

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : क्रॅश सिंबलवर काठीचा एक फटका. अतिमंद गती. मूळ आवाज तसाच.]

सिंबल म्हणजे ड्रम सेटवरची धातूची गोल थाळी. तिच्यावरचा हा एकच फटका आहे. एरवी तो डोळ्यांना दिसतही नाही, फक्त ऐकू येतो. इथे सावकाश दिसतोय, म्हणून काठाकडे बघा. काठी लागली तिथून लाट उठली, पलीकडच्या काठापर्यंत गेली आणि फिरून आली. धातू लवतोय, थरथरतोय. मागोमाग अख्खा सिंबल स्टँडवर झुकला, उलट्या बाजूला गेला, पुन्हा झुकला. फटक्याच्या पहिल्या क्षणी आवाजात खालचे सूर जास्त असतात. मग ती ताकद भराभर वरच्या सुरांकडे सरकते आणि आपण ज्याला सिंबलची झळाळी म्हणतो ती ऐकू येते.

सिंबलला हलायला जागा मिळाली तरच हे घडतं. महागडा सिंबलही चुकीचा लावला तर गुदमरतो. आणि तो नीट लावायला पैसे लागत नाहीत. पाच-दहा मिनिटं लागतात आणि आपल्या शरीराकडे लक्ष द्यावं लागतं.

[दृश्य : स्टँडचं डोकं, अगदी जवळून. बोटं एकेक भाग काढून टेबलावर ठेवतात.]

वरून खाली येऊ. आधी विंगनट, म्हणजे बोटांनी फिरवायचा पंखांचा नट, मग फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची जाड गादी, मग सिंबल. त्याखाली दुसरी गादी, तिच्याखाली धातूची चकती. आणि हे सगळं ज्या दांड्यावर बसतं त्याच्यावर चढवलेली ही बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी, स्लीव्ह. सगळ्यांत स्वस्त भाग हा, आणि सगळ्यांत जास्त हरवतो तोही हाच. तो नसेल तर दांड्याचे आटे थेट सिंबलच्या भोकाला घासतात.

हे भोक बघा. मुळात ते गोल होतं. आता एका बाजूला खाच पडून कुलपाच्या भोकासारखं लांबट झालंय. इथूनच पुढे चिरा जातात.

[दृश्य : विंगनट घट्ट आवळलेला. फटका. मग नट सैल. तोच फटका.]

दोन्ही आवाज ऐका. सिंबल तोच, काठी तीच, हातही तोच. पहिल्या वेळी आवाज आखडला आणि लवकर विझला. दुसऱ्या वेळी तो फुलला. स्टँड खडखडतो म्हणून किंवा सिंबल डुलतो म्हणून नट आवळायची सवय लागते. सिंबल डुलायलाच हवा. काठावर बोट दाबून सोडा. तो झुलला आणि आपोआप स्थिरावला, तर नट बरोबर आहे.

[दृश्य : रिकामा सेट. स्नेअर (वादकाच्या अगदी समोरचा ड्रम), टॉम (त्याच्या भोवतीचे ड्रम), बेस ड्रम (पेडलने वाजणारा मोठा ड्रम) जागेवर. स्टँड उभे, पण त्यांवर एकही सिंबल नाही. वादक येऊन स्टूलवर बसते.]

आता मांडणी. सेटवर एकही सिंबल नाही, हे आम्ही मुद्दाम केलंय. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. सिंबल आधी लागतात, दिसायला छान अशा उंचीवर. मग वादकाने त्या मांडणीत स्वतःला बसवायचं. एखाद्या नावाजलेल्या वादकाचं छायाचित्र समोर ठेवून तेवढ्याच उंचीवर, तेवढेच आडवे सिंबल लावणारे पुष्कळ असतात. छायाचित्रात त्या वादकाच्या हाताची लांबी दिसत नाही, स्टूलची उंची दिसत नाही.

ती बसली. पहिली तपासणी स्टूलची. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या, दोन्ही पाय पेडलवर सैल. स्टूल दोन बोटं वर-खाली झालं तरी पुढची सगळी उंची बदलते, म्हणून सिंबलला हात लावण्याआधी हे पक्कं करायचं.

[दृश्य : ती डोळे मिटते. हात खाली सोडते. मग काठ्या उचलून हवेत फटके मारते. हा भाग कापू नये.]

डोळे मिटून ती हवेतच ताल धरते आहे. समोर काहीच नाही, त्यामुळे हात त्यांना सोपं वाटेल तिथेच जाताहेत. कोपर बरगडीपासून फार लांब गेलेलं नाही, खांदे वर चढलेले नाहीत. उजवा हात पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येतोय, बघा. अंधारात दिव्याच्या बटणावर हात जातो, तसा. ती जागा राइडची, म्हणजे ज्या सिंबलवर सतत ताल धरतात त्याची. आता स्टँड तिथे न्यायचा.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. बेस ड्रमच्या कड्याला लावलेल्या वाकड्या दांडीवरचा सिंबल.]

ही सोय नेहमी नव्हती. सिंबल ड्रम सेटच्या मानाने फार जुने. सिंबल बनवणाऱ्या झिल्जियन घराण्याची कार्यशाळा 1623 मध्ये इस्तंबूलला सुरू झाली आणि 1929 मध्ये त्यांचा कारखाना अमेरिकेत उभा राहिला. 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील हा मिश्रधातू आजही चांगल्या सिंबलमध्ये वापरतात. पण एकाच माणसाने हातापायांनी वाजवायचा सेट जेव्हा आकाराला आला, तेव्हा सिंबलना स्वतःची जागा नव्हती. बेस ड्रमच्या कड्याला दांडी बसवून तिच्यावर ते टांगायचे. दांडी जाईल तिथे सिंबल.

सिंबलची आणखी एक जोडी पायाशी असे, जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच, फक्त पेडलने वाजणारी. 1920 च्या दशकात तिच्या नळीची उंची वाढली आणि ती हाताच्या टप्प्यात आली. तोच हाय-हॅट. 1930 च्या दशकात काउंट बेसी यांच्या जाझ वाद्यवृंदात ड्रमवादक जो जोन्स यांनी ताल बेस ड्रमवरून या हाय-हॅटवर आणला. पुढे 1940 च्या दशकात ड्रमवादक केनी क्लार्क यांनी तो राइडवर नेला. तेव्हापासून उजवा हात रात्रभर एकाच सिंबलवर राहू लागला. त्या सिंबलची जागा वीतभर चुकली तर किती वेळ हात ताणून धरावा लागेल, याचा विचार करा.

म्हणून क्रम असा : जो सिंबल सगळ्यांत जास्त वाजतो, त्याला सगळ्यांत जवळची जागा. हाय-हॅट आणि राइड आधी. क्रॅश, म्हणजे एकेका जोरकस फटक्याचा सिंबल, त्यानंतर. स्प्लॅश, चायना असे क्वचित वाजणारे बाकीचे राहिलेल्या जागेत.

[दृश्य : हाय-हॅट. दोन्ही हात एकमेकांवरून. बाजूने घेतलेलं चित्रण.]

हाय-हॅट आणि स्नेअर यांच्या उंचीत साधारण वीतभर फरक. उजवा हात हाय-हॅटवर असताना त्याच्याखालून डावी काठी पूर्ण उचलता आली पाहिजे. इथे बघा, हाय-हॅट मुद्दाम खाली केलाय. डावी काठी अडखळतेय आणि स्नेअरचा फटका दुबळा पडतोय. दोन इंच वर. आता हात मोकळा झाला.

[दृश्य : खालच्या सिंबलखालचा छोटा स्क्रू. बोटं तो फिरवतात.]

हा स्क्रू अनेकांनी कधीच फिरवलेला नसतो. खालच्या सिंबलला तो किंचित तिरपं करतो. दोन्ही सिंबल अगदी समांतर असले तर पेडल दाबल्यावर मधली हवा अडकते आणि नुसतं फुस्स होतं. जरासा तिरपेपणा दिला की हवेला वाट मिळते. ऐका. आता 'चिक' कसा टणक आला!

[दृश्य : राइड. काठीचं टोक जवळून.]

राइड उजवीकडे, बेस ड्रमच्या वर, टॉमला लागणार नाही इतपत खाली. कल तिच्या बाजूला, थोडासाच. काठीचं टोक काठ आणि मधला उंचवटा यांच्यामधल्या उतारावर पडलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. मधला उंचवटा म्हणजे बेल. तिथे काठीच्या टोकाऐवजी तिचा खांदा, म्हणजे टोकामागचा निमुळता भाग टेकवतात. आता तिचं कोपर बघा. उतारावरून बेलवर जाताना ते जागचं हललं नाही, फक्त मनगट वळलं. बेलसाठी दर वेळी पुढे वाकावं लागत असेल तर राइड लांब आहे. ओढा तो जवळ. तो दिमाखदार दिसायची काही गरज नाही.

[दृश्य : क्रॅशचे तीन कल. आडवा, मध्यम, उभट. प्रत्येकावर मंदगती फटका, समोरून आणि बाजूने.]

आता या चित्रीकरणातला माझा सगळ्यांत आवडता भाग.

पहिला क्रॅश उंच आणि अगदी आडवा. काठी खाली येते आणि तिचा खांदा थेट काठावर आदळतो. संपूर्ण घाव त्या पातळ कडेवर. काठीची हालत बघा, लाकडाचे तुसे उडताहेत. धातूचंही तेच होतंय, फक्त ते असं डोळ्यांना दिसत नाही. आडवा क्रॅश वाजवताच येत नाही असं नाही. तो खाली असेल आणि काठी पृष्ठभागावर येत असेल तर चालतं. उंच आणि आडवा एकत्र आले की काठ फाटतात.

तिसऱ्यावर येऊ. हा उभट, जवळजवळ वादकाकडे तोंड करून. काठी समोरच्या पृष्ठभागावर सपाट बसते आणि सिंबलला निसटायला जागाच उरत नाही. शिवाय त्याचा भार फेल्टच्या एकाच कडेवर आलाय. तो झुलत नाही, नुसता धक्के खातो. भोकाला घासही याच बाजूने बसतो.

आणि हा मधला. वादकाकडे जरासा झुकलेला. काठीचा खांदा काठाला लागतो, पण वरून ओझरता, घसरून बाजूला जाणारा. फटक्यानंतर काठी निघून जाते, सिंबल डुलत राहतो. आवाज लगेच उघडतो. पुन्हा एकदा बघा, बाजूने. हात सिंबलमध्ये घुसत नाही, त्याच्यावरून पुढे जातो.

उंची किती? क्रॅश मारताना कोपर खांद्याच्या वर जात असेल तर तो उंच आहे. बाकी मोजपट्टीची गरज नाही.

[दृश्य : चायना सिंबल, आधी सुलटा, मग उलटा.]

चायनाचा काठ वर वळलेला असतो. तो उलटा लावतात तो यासाठी, की काठीचा खांदा त्या टोकदार कडेऐवजी गोलाव्यावर पडावा.

[दृश्य : बूम स्टँड कलंडतो. हात पटकन धरतो. मग तोच स्टँड फिरवून ठेवला जातो.]

बूम म्हणजे आडव्या दांडीचा स्टँड. ती दांडी ज्या दिशेला, तिपाईचा एक पाय त्याच दिशेला. दांडी दोन पायांच्या मधल्या जागेवरून गेली तर 20 इंची सिंबल अख्खा स्टँड ओढून पाडतो. इथे हात वेळेवर पोचला.

[दृश्य : ध्वनिमुद्रणाची खोली. सेटवर लटकणारे दोन मायक्रोफोन. दोरीने अंतर मोजलं जातंय.]

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आणखी एक गरज येते. टॉमला अगदी चिकटून लावलेला क्रॅश टॉमच्या मायक्रोफोनमध्ये भरतो आणि मग त्या टॉमचा आवाज स्वतंत्र वाढवता येत नाही. तिथे सिंबल थोडे वर घेतात, पण हाताची सोय मोडू न देता. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत एक मायक्रोफोन सेटच्या वर आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमच्या, बाजूला असतो. दोघंही स्नेअरपासून समान अंतरावर. ही दोरी तेच मोजतेय.

[दृश्य : चिरलेल्या सिंबलची रास. खांदा चोळणारा हात. कानातले बोळे.]

चुकीच्या मांडणीने सिंबल चिरतात, खांदे आणि मनगटं धरतात, आणि हाय-हॅटच्या बाजूचा कान रोज मार खातो. कानात बोळे घालाच.

[दृश्य : दुसरा वादक येतो. उंच. काठ्या हातात घेऊन सेटभोवती एक फेरी मारतो, राइडचा स्टँड उचलून डावीकडे नेतो.]

सेट तोच, वादक दुसरा. याने राइड डावीकडे नेला, हाय-हॅटच्या शेजारी. ड्रमवादक बिली कोबहॅम यांनी हेच केलं आणि हात एकमेकांवरून न नेता डाव्या हाताने ताल धरला. याचे हात लांब आहेत, तेव्हा क्रॅश मागे आणि वर गेले. तिच्या मांडणीतलं काहीही जागेवर राहिलं नाही, आणि दोघंही बरोबर आहेत.

[दृश्य : गालिच्यावर चिकटपट्टीच्या खुणा. नळीवरची कडी आवळली जाते.]

एकदा जमलेली मांडणी जपून ठेवायची तर स्टँडच्या प्रत्येक पायाखाली गालिच्यावर चिकटपट्टी लावा. उंचीसाठी नळीवर ही कडी येते, मेमरी लॉक. कल दातेरी सांध्यावर असेल तर दाते मोजून ठेवा, बिनदात्याचा असेल तर रंगाची एक रेघ ओढा. आणि स्टूलच्या नळीवरही खूण करा, कारण बाकीच्या सगळ्या खुणा तिच्या हिशेबाने आहेत.