कोकणचा किनारा गाडीने करताय? आधी तिथी बघा

नमस्कार मंडळी! मुरूडपासून गणपतीपुळ्यापर्यंत समुद्राच्या कडेकडेने गाडीने जायचं, हे आम्हा दोघांचं लग्न झाल्यापासून ठरलेलं होतं. या जानेवारीत एकदाचं जमलं. चार दिवस, आमची छोटी गाडी आणि आम्ही दोघंच. सहल फार सुंदर झाली. पण पहिल्या दोन दिवसांत आमची तीनदा जुंपली, आणि त्याचं मूळ एकच होतं. आम्ही सगळी आखणी घड्याळ आणि किलोमीटर बघून केली होती. हा किनारा त्या हिशेबाने चालत नाही, तो पाण्याच्या हिशेबाने चालतो. तोच हिशेब आज तुम्हाला सांगते, म्हणजे तुमची सहल पहिल्या दिवसापासून सुखाची होईल.

आधी नकाशा बघा. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये कोकणची पट्टी किती अरुंद आहे! नद्या डोंगरावरून सुटतात आणि लगेच समुद्राला भिडतात, आणि भरतीचं पाणी त्यांच्या मुखातून कितीतरी आत शिरतं. त्या झाल्या खाड्या. आमच्या वाटेवर अशा चार मोठ्या खाड्या होत्या : राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्री नदीची जयगड खाडी. चारही ठिकाणी आम्ही गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे गेलो. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. स्थानिक माणसं या फेरीबोटीला जंगलजेटी म्हणतात. दाभोळहून समोर धोपावे डोळ्यांना दिसतं, पण बोट नको म्हटलं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा पडतो.

आता बोटीत गाडी चढवण्याबद्दल. बऱ्याचदा गाडी उलटी, म्हणजे मागे घेत चढवावी लागते. आगरदांड्याला गाडी मी चालवत होते. मागे उतार, उताराच्या टोकाला बोटीचा लोखंडी पत्रा, दोन्ही बाजूंना पाणी. बोटीवरचा मुलगा हाताने खुणा करतोय, "येऊ द्या ताई, येऊ द्या, आता डावीकडे काट मारा." आणि शेजारी बसलेला माझा नवरा त्याच वेळी सांगतोय, "उजवीकडे घे." मी मध्येच ब्रेक मारला, मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, आणि पलीकडे पोहोचेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तेव्हा माझं कळकळीचं सांगणं आहे : चालवणारा सोडून बाकी सगळ्यांनी आधीच खाली उतरा. सूचना फक्त बोटीवरच्या माणसाच्या ऐका. तो दिवसभर हेच काम करतो. गाडी खालून बसकी असेल तर पूर्ण ओहोटीची वेळ टाळा, कारण तेव्हा धक्क्याचा उतार लांबवर उघडा पडतो आणि खालच्या भागावर शेवाळ असतं.

दुसरं भांडण भुकेचं. दिवेआगरला दुपारी दीडला पोहोचलो आणि एका घरगुती खानावळीत विचारलं. काकू म्हणाल्या, "सकाळी फोन करायचा होतात, मी माणसं मोजून भात लावते." बरोबरच आहे त्यांचं. कोकणातल्या घरगुती जेवणाची चव त्यातूनच येते. नारळ तेव्हाच खवलेला, मासळी त्या दिवसाची, सोलकढी ताजी. सकाळच्या चहाबरोबर दुपारच्या जेवणाचा फोन करून टाका. आम्ही शेवटी वेफर्स आणि केळी खाऊन तसेच पुढे निघालो.

आणि त्या अर्धपोटी अवस्थेत अडीच वाजता हरिहरेश्वरला पोहोचलो. इथली प्रदक्षिणा मला करायचीच होती. कड्यामधून कोरलेल्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात आणि तिथून खडकांवरून चालत देवळाकडे परत यायचं. पायऱ्यांच्या तोंडाशी गेलो तर खाली नुसता फेस उसळतोय. वाट पूर्ण बंद. हा म्हणाला, "तू बघितलं नव्हतंस का?" मी म्हटलं, "तू बघितलं होतंस?" तिथे कोकम सरबत विकणाऱ्या मावशींनी आम्हाला बसवलं, सरबत दिलं आणि विचारलं, "आज तिथी काय?" आम्हाला माहीत नव्हती. त्या म्हणाल्या, "चतुर्थी. चाराचे पाऊणपट तीन. तीन वाजता भरती पुरी. उद्या सकाळी साडेनऊला या."

मंडळी, हा हिशेब ऐका, कारण अख्ख्या व्हिडिओत याहून कामाचं काही नाही. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. जे उत्तर येईल, साधारण त्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. तिच्या आधी आणि नंतर सहा-सहा तासांनी ओहोटी. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. यामागे चंद्र आहे. तो रोज पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्यामागून तेवढीच पुढे सरकते. अर्ध्याएक तासाचा फरक पडू शकतो, म्हणून खडकांवर उतरण्याआधी तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. हरिहरेश्वरच्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला पाणी खरंच लांब गेलं होतं. खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने ते कडे असे कोरलेत की जवळून मधमाशांच्या पोळ्यासारखे दिसतात. एकाला एक लागून भोकं, मधल्या भिंती बोटाएवढ्या जाड. एका भोकात इवलासा खेकडा बसला होता. आम्ही दोघं कितीतरी वेळ तो बघत उभे होतो.

तिसऱ्या भांडणाबद्दल थोडक्यात : फोनवरचा नकाशा जवळची वाट म्हणून पाखाडीवर नेतो. पाखाडी म्हणजे चिऱ्यांची पायवाट, पुढे पायऱ्या. अंजर्ल्याच्या अलीकडे दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून आम्हाला शंभरेक पावलं गाडी मागे घ्यावी लागली. तिठ्यावर थांबून माणसाला विचारा. रोख पैसेही जवळ असू द्या, काही धक्क्यांवर फोनला रेंज नसते.

दाभोळला बोट नुकतीच सुटलेली होती. पण तोवर आम्ही शहाणे झालो होतो. धक्क्याजवळच सतराव्या शतकातली आदिलशाही मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. एके काळी दाभोळ मोठं बंदर होतं, रशियाचा अफनासी निकितीन पंधराव्या शतकात इथे येऊन गेला. त्या काळ्या दगडाच्या सावलीत आम्ही पुढच्या बोटीपर्यंत निवांत बसलो.

चौथ्या दिवशी आखणी मी तिथीवर केली. सप्तमी होती. साताचे पाऊणपट सव्वापाच. हेदवीला बामणघळ आहे, खडकातली एक अरुंद चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि वर कारंज्यासारखं उडतं. म्हणजे ज्या भरतीने हरिहरेश्वरला वाट अडवली, तीच इथे हवी होती. तवसाळच्या शेवटच्या बोटीची वेळ आदल्या रात्रीच फोनवर विचारून ठेवली होती. पाच वाजता घळीपाशी पोहोचलो. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, जोर कमी." तेवढ्यात आतून घुमल्यासारखा आवाज आला आणि पाणी आमच्या डोक्याच्या वर गेलं. ह्याचा शर्ट चिंब झाला आणि तो मोठ्याने हसला.

पुढच्या वेळी आम्ही पौर्णिमा धरून जाणार आहोत. उधाणाची भरती सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, तेव्हा हेदवीला बामणघळ पूर्ण जोरात. आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आदल्या संध्याकाळी, ओहोटीला, अंधार पडायच्या आत.