पडद्यावरून रंगमंचावर : दुर्गा खोटे

श्रोतेहो, नमस्कार. बोलपटाच्या आरंभीच्या काळात आपल्याकडचे अनेक नामवंत नट नाटक कंपन्यांतून पडद्यावर आले. गोविंदराव टेंबे आले, केशवराव दाते आले, पुढे बालगंधर्वांनीही तो प्रयोग करून पाहिला. दुर्गाबाई खोटे यांची वाट मात्र नेमकी उलटी होती. पडद्यावर मोठे नाव झाल्यानंतर त्या मराठी रंगभूमीकडे वळल्या, आणि माझ्या मते त्यांच्या अभिनयाची खरी उंची समजून घ्यायची असेल तर या उलट्या वाटेचाच विचार करावा लागतो.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी मुंबईत, लाड घराण्यात झाला. वडील सॉलिसिटर, शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात, सासर धनवान खोट्यांचे. अशा सुनेने तोंडाला रंग लावणे त्या काळी कोणाच्या कल्पनेतही बसणारे नव्हते. परंतु सासरची सांपत्तिक स्थिती ढासळली आणि दोन मुलांची आई असलेल्या दुर्गाबाईंना मिळकतीचा मार्ग शोधावा लागला. 1931 साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली. भूमिका काही मिनिटांची, पण जाहिरातीत घराण्याचे नाव आल्यामुळे झालेली बदनामी मात्र चांगलीच मोठी होती. एखादी असती तर तेथेच थांबली असती.

पुढच्याच वर्षी, कोल्हापुरात, प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा आपला पहिला मराठी बोलपट काढला आणि व्ही. शांताराम यांनी तारामतीची भूमिका दुर्गाबाईंना दिली. त्या वेळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाला अभिनय करता करता स्वतःच गावे लागे, संवाद आणि गाणे चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत असे, आणि हाच चित्रपट हिंदीतही केला जात असल्यामुळे सारे पुन्हा दुसऱ्या भाषेत करावे लागे. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीत रंगभूमीवर मुरलेले गायक नट. त्यांच्यासमोर ही रंगभूमीचा अनुभव नसलेली, महाविद्यालयात शिकलेली मुंबईची स्त्री उभी राहिली, आणि राजवाड्यातली राणी व काशीच्या बाजारात विकली गेलेली दासी या दोन्ही अवस्थांत तिचा ताठ बाणा सुटला नाही. तारामती लोकांना पटली ती त्या बाण्यामुळे. कुलीन घरातील स्त्रियांसाठी चित्रपटसृष्टीचे दार उघडले असे जे म्हटले जाते, त्याला या भूमिकेपासूनच अर्थ येतो.

त्यानंतर त्या एकाच संस्थेच्या पगारावर बांधून राहिल्या नाहीत. कलावंत कंपनीचे नोकर असण्याच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. कलकत्त्याला जाऊन त्यांनी देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ हे चित्रपट केले. 1936 साली प्रभातच्या ‘अमरज्योती’त त्या सौदामिनी झाल्या. अन्यायाने पेटून उठलेली आणि पुरुषी कायद्याविरुद्ध समुद्रावर लूटमार करणारी ही नायिका आजही पाहणाऱ्याला चकित करते. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः चित्रपटनिर्मितीही केली. 1941 च्या ‘पायाची दासी’ मधली खाष्ट सासू आणि 1942 च्या ‘भरत मिलाप’ मधली कैकेयी पाहिली की लक्षात येते, नायिकेचा गोडवा टिकवण्याची धडपड त्यांनी फार लवकर सोडून दिली होती.

आता रंगभूमी. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या काम करू लागल्या तेव्हा त्या प्रसिद्ध चित्रतारका होत्या. कॅमेऱ्यासमोर पापणीची हालचालही पुरते, रंगमंचावर तीच हालचाल तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचत नाही, आणि चुकलेला प्रवेश पुन्हा चित्रित करण्याची मुभाही नसते. ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई हे त्यांच्या रंगभूमीवरील कामाचे ठळक उदाहरण. समोर नानासाहेब फाटकांसारखा भारदस्त आवाजाचा नट असताना त्याच्या तोडीने उभे राहणे ही कसोटीच होती. पुढे शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’ नाटकातही हीच जोडी होती. नवऱ्याला राजहत्येस प्रवृत्त करणारी आणि मग झोपेत चालत हातावरचे न दिसणारे रक्त धुऊ पाहणारी ती राणी साकारताना आक्रस्ताळेपणाचा मोह नटीला सहज होतो. दुर्गाबाईंच्या ठेवणीतला संयम येथे कामी आला असणार, असे मला वाटते. रंगभूमीवरील अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीने त्यांचा 1958 साली गौरव केला.

या तालमीचा लाभ पडद्यालाही झाला. 1960 च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्या अकबरासमोर त्या जोधाबाई होत्या. हेच दोघे सव्वीस वर्षांपूर्वी ‘सीता’ चित्रपटात राम आणि सीता होते, ही गंमत सहसा कोणी सांगत नाही. मुलाविरुद्ध युद्धाला निघालेल्या नवऱ्याच्या हाती तलवार देण्याचा प्रसंग जोधाबाईवर येतो. तेथे आई आणि पत्नी यांची ओढाताण चेहऱ्यावर दिसते, पण आवाज राणीचाच राहतो. शब्दांचे वजन सांभाळण्याची ही सवय मला थेट नाट्यगृहातली वाटते.

नंतरच्या काळात हिंदी चित्रपटांत आई आणि आजीच्या असंख्य भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. सगळ्याच काही त्यांच्या ताकदीला साजेशा नव्हत्या. ‘बिदाई’तील आईने मात्र त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. 1968 मध्ये पद्मश्री आणि 1983 च्या वर्षासाठी दादासाहेब फाळके पुरस्कार हे सन्मानही त्यांना लाभले. दरम्यान त्यांनी लघुपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था उभी केली होती. दूरदर्शनवर 1988 साली आलेली आणि घराघरांत लोकप्रिय झालेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका याच संस्थेने काढली, हे तिचे चाहते असलेल्या अनेकांना ठाऊक नसते. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे निधन झाले. ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे आपल्या शब्दांत लिहून ठेवले आहे, आणि ज्यांना त्या काळातील स्टुडिओंचे आतले जग जाणून घ्यायचे आहे त्यांनी ते अवश्य वाचावे.