उभ्या गाडीचा प्रश्न
(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

महामार्गावरील अपघातांची चर्चा आपल्याकडे वेग आणि मद्यपान या दोन विषयांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. दोन्ही कारणे खरी आहेत आणि त्यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. मला आज रात्रीच्या वेळी रस्त्यावर बंद पडलेल्या किंवा थांबवून ठेवलेल्या वाहनाविषयी बोलायचे आहे, कारण असे वाहन हटवणे ही प्रवाशाला दिलेली सोय आहे की सुरक्षेचे मूळ काम आहे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या यंत्रणांनी अजून मनापासून दिलेले नाही.

2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली आणि त्यांपैकी 15,224 महाराष्ट्रात. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांचा वाटा जेमतेम पाच टक्के असला, तरी सुमारे साठ टक्के मृत्यू याच रस्त्यांवर होतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात धडकेच्या प्रकारांनुसार वर्गवारी दिलेली असते. तीत मागून बसणारी धडक हा सर्वांत मोठा प्रकार असून साधारण पाचवा हिस्सा तिचा आहे, आणि उभ्या वाहनाला बसलेली धडक त्याहून वेगळ्या रकान्यात मोजली जाते. म्हणजे हा प्रकार सरकारच्या कागदांवर नोंदलेला आहे, तो कोणाच्या लक्षात आलेला नाही असे म्हणता येणार नाही.

त्यामागचे गणित साधे आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेनुसार चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरले जातात, आणि या वेगाला गाडी पूर्ण थांबण्यासाठी 120 मीटर, तर ताशी 100 किलोमीटरला 180 मीटर रस्ता समोर दिसायला हवा असतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून खाली केलेल्या दिव्यांचा झोत याच्या निम्म्यापर्यंतही नीट पोहोचत नाही. पाटा तुटलेला, मागचे दिवे चिखलाने माखलेला किंवा मुळात दिवेच नसलेला ट्रक अंधारात उभा असेल, तर नियमाने चालणारा, न प्यालेला, जागा असलेला चालकसुद्धा त्याच्यावर आदळू शकतो. अशा वेळी सगळा दोष मागच्याच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की बीड, लातूर, धाराशिव, नांदेड या जिल्ह्यांतले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस आणि त्याआड झाकलेला, असलाच तर, एखादा लाल दिवा. ट्रॉलीचा टायर फुटला की ती भर रस्त्यातच राहते, कारण भरलेली ट्रॉली बाजूच्या मऊ पट्टीवर घेतली तर कलंडण्याची भीती असते. मग चाकांना दगड लावले जातात, मागे बाभळीची फांदी टाकली जाते, आणि दुरुस्ती झाल्यावर ट्रॅक्टर निघून जातो. दगड तिथेच राहतात. पहाटे दुचाकीवरून दूध घेऊन निघालेल्या माणसाला ते दगड भेटतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी परावर्तक त्रिकोण आणि परावर्तक पट्ट्या सांगितल्या आहेत; आपल्याकडे त्या पट्टीला सगळे रेडियम म्हणतात. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच, तेव्हा रेडियम लावण्यासाठी त्याहून सोपी जागा मला दिसत नाही. काही ठिकाणी ते काम होते, पण फोटो निघाल्यावर मोहीम संपते आणि पट्टीवर चिखल चढतो.

उभे वाहन किती घातक ठरू शकते, हे आपल्या विभागाने 15 ऑक्टोबर 2023 रोजी पाहिले. त्या दिवशी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यात जांबरगाव टोलनाक्याजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली आणि 12 जणांचा मृत्यू झाला. मिनीबसमध्ये क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे होती, हे खरेच. पण तपासणीसाठी तो ट्रक रस्त्यावर थांबवण्यात आला होता, असा आरोप होऊन परिवहन विभागाच्या दोघांना अटक झाली. न्यायाचा भाग न्यायालयाचा. मला त्यातून एवढाच प्रश्न घ्यायचा आहे की वाहन थांबवण्याचा अधिकार असलेल्या यंत्रणेला ते कुठे थांबवावे याचे बंधन कितपत आहे. तपासणी टोलनाक्याच्या किंवा वाहनतळाच्या आवारातच व्हावी, चालत्या मार्गिकेत वा तिच्या काठावर होऊ नये, हा नियम कुठल्याही दंडाच्या रकमेपेक्षा महत्त्वाचा आहे.

समृद्धीचे उदाहरण चांगल्या बाजूनेही घ्यायला हवे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा हा 701 किलोमीटरचा रस्ता जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. सुरुवातीच्या महिन्यांत टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशावर टायर तपासणे, झिजलेल्या टायरची गाडी परत पाठवणे आणि दोन टोलनाक्यांमधले अंतर फार लवकर कापणाऱ्या चालकाचे समुपदेशन करणे सुरू केले. यांतले टायरचे काम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्यात बंद पडू शकणारी गाडी रस्त्यावर येण्याआधीच अडवली जाते. विश्रांतीच्या जागा मात्र रस्त्यानंतर आल्या. चालकाला झोप येते तेव्हा त्याला जागा हवी असते; ती नसेल तर तो कडेला थांबतो, आणि पुन्हा तेच उभे वाहन तयार होते.

आता मदतीचे बघू. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या रस्त्यावर 1033 हा क्रमांक आहे आणि टोल घेणाऱ्या कंत्राटदारावर गस्ती वाहन, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवण्याची जबाबदारी असते. पोलिसांसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108. ही 108 ची सेवा राज्यात 2014 पासून 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. महामार्ग पोलिसांची मदत केंद्रे वेगळी. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राज्य महामार्गावर मात्र जखमीसाठी रुग्णवाहिका येते, पण बंद ट्रकसाठी हक्काने बोलवावी अशी क्रेन नसते. मालकाने खासगी क्रेन आणायची, भाड्यावरून घासाघीस करायची, आणि तोवर गाडी तिथेच उभी. चालकाला आपण कोणाच्या रस्त्यावर आहोत हे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असावे अशी अपेक्षा ठेवणेही चूक आहे.

कायदा याबाबत दुबळा नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 127 नुसार बेवारस सोडलेले वाहन दहा तासांनी हलवता येते, पण ते वाहतुकीला धोकादायक ठरत असेल तर ताबडतोब हलवण्याचा आदेश देता येतो. दहा तास लोकांच्या लक्षात राहिले आहेत, ‘ताबडतोब’ राहिलेले नाही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 198 अ आणले आणि रस्त्याचे आरेखन, बांधणी किंवा देखभाल निकषांप्रमाणे न करणाऱ्या यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. कोट्यवधींच्या कंत्राटापुढे ही रक्कम किरकोळ आहे, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

यंत्रणा ठरवले तर करू शकते, याचा पुरावा दूर नाही. कोजागरीला तुळजापूरला पायी येणाऱ्या भाविकांसाठी दरवर्षी जिल्हा प्रशासन सोलापूरकडच्या रस्त्यावरची वाहतूक वळवते, आदेश आधी प्रसिद्ध होतो, पोलीस, आरोग्य आणि एसटी एका बैठकीत बसतात. तिथे रस्ता कोणाच्या मालकीचा, हा वाद आडवा येत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीत अपघातप्रवण स्थळांचा आढावा होतो. 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजेचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू, हा त्याचा निकष. उभ्या वाहनाची अडचण अशी की ते आज एका ठिकाणी आणि उद्या दुसऱ्या ठिकाणी असते, त्यामुळे ते या निकषात बसतच नाही. म्हणून समितीपुढे आणखी एक तक्ता यावा, असे मी सुचवतो: बंद वाहनाची खबर किती वाजता मिळाली, क्रेन किती वाजता पोहोचली, रस्ता किती वाजता मोकळा झाला. टोलच्या रस्त्यांवर ही नोंद कंत्राटदाराकडून मागता येते. बिनटोलच्या रस्त्यांसाठी तालुक्यातल्या खासगी क्रेनचालकांशी दर ठरवून गाळपाच्या हंगामापुरता करार करता येईल, पैसे आधी शासनाने द्यावेत आणि मागाहून वाहनमालकाकडून वसूल करावेत. साखर कारखान्यांनाही त्यात वाटा उचलायला लावावा, कारण हंगामात या रस्त्यांचा सर्वाधिक वापर त्यांच्याच मालासाठी होतो.