गाठ कडक का होते?

(परळ. टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेरची सकाळची गर्दी.)

"गाठ हाताला लागली." इथे येणाऱ्या कितीतरी बायकांची हकिगत या शब्दांनी सुरू होते. मुंबईत बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. पण हाताला लागतं ते नेमकं काय? कडकपणा. तो रोगाची खूण तर आहेच, शिवाय रोगाला पुढे रेटतोही तोच.

(सूक्ष्मदर्शकाखाली दुग्धनलिका आणि भोवतीचे तंतू.)

दुग्धनलिकांभोवती कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. निरोगी स्तनात ते सैल, वळणदार असतात. गाठ वाढू लागली की तंतू वाढतात आणि लायसिल ऑक्सिडेझ नावाचं विकर त्यांना एकमेकांशी घट्ट जखडतं. २००५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने उंदरांमध्ये हा कडकपणा मोजला. तो पास्कल या एककात मोजतात; आकडा मोठा तितका कडकपणा जास्त. निरोगी ग्रंथी सुमारे १७० पास्कल, गाठ सुमारे ४,००० पास्कल. वीसपटीहून जास्त!

पेशीला हे कळतं कसं? इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी ती तंतूंना धरून असते आणि सारखी ओढून पाहते. तंतू ताठ लागले की तीही जोर वाढवते. तो ताण आतवर पोचतो, याप आणि ताझ ही प्रथिनं केंद्रकात शिरतात आणि वाढीची जनुकं कामाला लागतात. वीव्हर यांच्याच प्रयोगांत मऊ जेलमध्ये निरोगी पेशींनी नीटस पोकळ गोळे बांधले. कडक जेलमध्ये तशाच पेशींची घडी विस्कटली. जनुकांना कुणी हातही लावला नव्हता.

त्याआधी, १९९७ मध्ये, कॅलिफोर्नियात मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेत उलटा प्रयोग झाला. कर्करोगाच्या पेशींच्या इंटिग्रिनचं काम प्रतिपिंडाने रोखलं, आणि त्या पेशी पुन्हा निरोगी पेशींसारखी रचना करू लागल्या. जनुकांतले दोष होते तसेच होते. हा निकाल कितीदा वाचला तरी थक्क व्हायला होतं.

गंमत अशी, की गाठ कडक असली तरी पसरणाऱ्या पेशी स्वतः बऱ्याचदा निरोगी पेशींहून मऊ असतात. त्यामुळे अरुंद फटींतून त्या दबून निसटतात. तंतू ताणून गाठीच्या कडेला काटकोनात उभे राहिले, की दोर धरून चढावं तशा त्यांच्याच आधाराने बाहेर सरकतात. असे उभे तंतू दिसले तर रोग परतण्याचा धोका जास्त असतो.

(वस्तीतली गल्ली. आरोग्यसेविका.)

हाच कडकपणा बोटांनी शोधायचा एक मोठा प्रयोग मुंबईत झाला. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने इथल्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. मॅमोग्राफी नाही, फक्त बोटं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही.

पाळी गेल्यावर स्तनातली ग्रंथी आक्रसते, तिथे मेद येतो. त्या मऊ ऊतीत कडक गाठ बोटांना लवकर लागते. वयानुसार दिसलेल्या या फरकात त्याचाही वाटा असावा, असं मला वाटतं.